दगडवाले तात्या

हे तात्या तुमच्याही गावात असणारच. चौघं घामाघूम होऊन ओझं उचलत असतात आणि पाचवा कमरेवर हात ठेवून "तिरकं घ्या, तिरकं!" म्हणत असतो ना, तोच. परवा सोसायटीत कपाट चढवताना असाच एक भेटला आणि आमचे तात्या आठवले. त्यांची तालीम मात्र कृष्णाकाठच्या गुऱ्हाळांवर झालेली.

दिवाळी सरली की कराड-वाळव्याकडं चरक या रानातून त्या रानात निघायचा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि लोखंडी नांगरांबरोबर तिथले चरकही पुढं गावोगाव गेले. लाकडी घाण्यापेक्षा रस जास्त निघायचा हे खरं, पण ते ओतीव धूड गाडीत चढवताना आधी माणसांचाच रस निघायचा. मागच्या गाडीत काहील. आत चार पोरं झोपतील एवढी, बुडाला बोटभर काजळी.

त्या काजळीपासून तात्यांचं धोतर कायम दहा हात लांब. गाड्या भरून झाल्या की ते बांधावर जाऊन एक दगड निवडायचे. चढाला गाडी थांबली तर चाकामागं लावायला. एवढंच काम, पण मुलगी बघायला गेल्यासारखी चिकित्सा. हा गोल हाय, हा ठिसूळ, ह्याला बूडच न्हाई. वाटेत कुणी म्हणालं, "तात्या, जरा खांदा द्या," की उत्तर ठरलेलं : "मग दगड कोण धरंल?" आखाला वंगण घाला म्हटलं तरी हातात दगड. भाकरी खायला बसले तरी दगड मांडीशी. आणि पहिलं आधण उतरायच्या वेळी काकवीची वाटी घेऊन गुळव्यापुढं सगळ्यात आधी हेच. का, तर दगड ह्यांनी आणला!

सांगायला जिवावर येतं, पण एकदा ओढ्याच्या चढाला जुवाची शिवळ मोडली. एक बैल निसटला आणि चरकाची गाडी मागं यायला लागली. खांदे देणारे सगळे पैलवान बाजूला पळाले. तात्या तेवढे गुडघ्यावर बसले आणि दगड चाकाखाली सारला. गाडी थांबली. अंगठ्याचं नख गेलं, ते पुन्हा कधी सरळ आलंच नाही. त्या अंगठ्यावर तात्यांनी पुढं किती वाट्या काकवी खाल्ली याचा हिशेब नको.

पुढं सांगलीला वसंतदादांचा सहकारी कारखाना झाला, कृष्णाकाठी आणखी झाले. ऊस थेट गव्हाणीत जायला लागला, तशी आमच्याकडची गुऱ्हाळं मोडली आणि चरक भंगारात गेला. पुतण्यानं ट्रॅक्टर घेतला. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून पहिल्यांदा निघाला, तर मडगार्डवर तात्या आधीच बसलेले, मांडीवर दगड.

"तात्या, ह्याला ब्रेक हाय."

"तवा शिवळ बी हुतीच की. चल."