गाडीचा चातुर्मास : विधी, नियम व पथ्ये

बर्फाच्या देशांत मोटारसायकल हिवाळ्यात झोपवतात. आपल्याकडे थंडीत गाडी बंद ठेवणारा निव्वळ आळशी ठरतो. आपली गाडी झोपते ती पावसात. म्हणून देवशयनी एकादशीचा मुहूर्त धरावा आणि कार्तिकीपर्यंत व्रत पाळावे. इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांना हे व्रत चालते, पण खरा अधिकार कार्बोरेटरवाल्यांचा. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ निघाली. त्या कुळातली सर्वांत धाकटीही आता तिशीच्या घरात आहे आणि तिच्या रबरी नळ्यांना इथेनॉल नावाचा पाहुणा लहानपणी माहीत नव्हता.

प्रथम पेट्रोल. ई-२० म्हणजे लिटरमागे २०० मिली इथेनॉल. २०२३ साली ते पंपांवर येऊ लागले आणि बघता बघता सगळीकडे तेच झाले. कोल्हापूरकडच्या साधकाने याविषयी तोंड उघडू नये. आपला ऊस कारखान्यात जातो, त्याची मळी डिस्टिलरीत, तिथले इथेनॉल टँकरने डेपोत आणि डेपोतून पंपावर. वाटेत सगळ्यांचे भागते, आणि शेवटी आपलाच ऊस आपल्याच जेटमध्ये अडकतो. उसाचे बिल मात्र अजून यायचे असते.

इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. दमट हवेतली ओल ते शोषते, आणि टाकीच्या झाकणाचा वॉशर कडक झाला असेल तर पावसाचे पाणी आयतेच आत. थोडे पाणी ते पचवते. फार झाले की पेट्रोलची संगत सोडते आणि पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसते. कॉकही तळाशीच असतो. रिझर्व्हला लावलेत की इंजिनाला पहिला घोट त्याचाच.

यावर दोन पंथ आहेत. पूर्णटाकीवाले म्हणतात, हवेला जागाच ठेवू नका. रिकामीटाकीवाले म्हणतात, पेट्रोलच नाही तर बिघडणार काय? (पत्रा गंजतो, पण हे ते सांगत नाहीत.) अर्धी टाकी ठेवणारा मध्यममार्गी दोन्हीकडचे पाप पदरात घेतो. आमचा कल भरलेल्या टाकीकडे. स्टॅबिलायझर मिळाला तर घालावा आणि तो कार्बोरेटरपर्यंत पोचावा म्हणून गाडी थोडी फिरवून आणावी.

मग कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे. तरी फ्लोट चेंबरात थोडे उरतेच. ते तसेच राहिले तर उडून जाते आणि मागे चिकट पिवळट थर ठेवते. पायलट जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे, त्याला तेवढे पुरते. म्हणून गार इंजिनावर खालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. विडी ओढणारे सल्लागार या वेळी गल्लीच्या टोकाला पाठवावेत. बाटली उजेडात तिरकी करावी. तळाशी पाण्यासारखा थर वेगळा सरकताना दिसला तर टाकीही रिकामी करणे आले, आणि तेव्हा रिकामीटाकीवाल्यांची क्षमा मागावी.

व्रतभंगाचे मुख्य कारण म्हणजे घरातली वडील मंडळी. “अरे, दर रविवारी पाच मिनिटं सुरू तरी करून ठेव!” पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. पेट्रोल जळून झालेली वाफ सायलेन्सरमध्ये थंडावते, तिचे पाणी तिथेच राहते आणि पत्रा आतून खाते. हे वडिलांना समजावण्याच्या फंदात पडू नये. गाडी सुरू केल्याचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवावा आणि दर रविवारी दहाच्या सुमारास अंगणात मोठ्याने लावावा.

बाकी किरकोळ. बॅटरीची मायनस वायर आधी सोडावी. गाडी मेन स्टँडवर घ्यावी. चेन रॉकेलने पुसून तिला ऑइल द्यावे. ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. सीटखाली डांबरगोळ्या ठेवाव्यात. उंदीर त्यांना फारसे जुमानत नाहीत, पण आपल्याला बरे वाटते. सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबावे आणि तशी चिठ्ठी हँडलला बांधावी.

कार्तिकीला पारणे. फडके काढावे, बॅटरी जोडावी, कॉक उघडून घटकाभर थांबावे, चोक ओढावा. पाचसात किकनंतर गाडी खोकली तर व्रत फळले. पहिल्याच किकला सुरू झाली तर मात्र हुरळून जाऊ नये. टायरच्या खाचांत पन्हाळ्याची तांबडी माती आहे का ते पाहावे, आणि मग धाकट्या भावाला हाक मारावी.