हरणाच्या शेपटीने पकडायचा मासा

फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला खरे आमिष न लावता पिसे, केस आणि दोरा यांची बनावट माशी बांधून मासा पकडण्याची पद्धत. मासा पकडण्याच्या सोप्या पद्धती माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. ही त्यांपैकी नव्हे. या छंदातला खानदानी मासा म्हणजे ट्राउट. तो थंड, स्वच्छ ओढ्यांत राहतो आणि पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याची तब्येत बिघडू लागते. ज्या नद्या उन्हाळ्यात कोमट होतात, तिथे स्मॉलमाउथ बास हा मासा त्याची जागा घेतो. याला २० ते २७ अंशांचे पाणी छान मानवते. त्यामुळे त्याच्या मागे लागलेल्या माणसाला छातीपर्यंतचा रबरी पोशाख न चढवता अर्ध्या चड्डीत नदीत उतरता येते. प्रतिष्ठा थोडी कमी, पण सर्दीही कमी.

या माशाचे शास्त्रीय नाव मायक्रॉप्टेरस डोलोमियू. ते १८०२ मध्ये लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ठेवले. त्याच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता आणि मागचा तुकडा सुटा दिसत होता. लासेपेदने तो वेगळा, छोटा पर मानला आणि त्यावरून ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे ‘छोट्या पराचा’, असे नामकरण उरकले. शास्त्रात पहिले नाव टिकते, म्हणून एका माशाची दुखापत साऱ्या भाऊबंदांच्या नावाला कायमची चिकटली. नावाचा दुसरा भाग डोलोमियू या भूशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे. त्याचा आणि या माशाचा संबंध एवढाच, की दोघांचाही जीव खडकांत रमतो.

रंग कांस्यासारखा हिरवट, अंगावर उभे पट्टे, डोळा लालसर. लार्जमाउथ या चुलतभावाचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा तिथवर पोचत नाही. ‘लहान तोंडाचा’ तो एवढ्यापुरताच. तळातले क्रेफिश, म्हणजे झिंग्यासारखे नांग्यांवाले जीव, तो अख्खे गिळतो. वसंतात पाणी १५ अंशांच्या वर जाऊ लागले की नर शेपटीने गोटे झाडून खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. अंड्यांची आणि पुढे पिल्लांची राखण एकटा नर करतो, आणि जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर, मग ती खाण्याजोगी असो वा नसो, धावून जातो. या दिवसांत त्याला गळाला लावण्यात काही कर्तबगारी नसते, म्हणून कित्येक ठिकाणी या काळात त्याच्या मासेमारीवर बंधने असतात.

बासची मूळ वस्ती अमेरिकेतल्या महासरोवरांच्या आणि ओहायो, मिसिसिपी या नद्यांच्या खोऱ्यांत. पूर्वेच्या नद्यांत तो रेल्वेने आला. १८५४ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या वाफेच्या इंजिनामागे जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून सुमारे तीस बास डोंगर ओलांडून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात आणून सोडण्यात आले. या बिनतिकीट प्रवाशांनी तिथे झपाट्याने संसार थाटला आणि पुढे माणसांच्याच मदतीने ते आसपासच्या नद्यांत पसरले. १८८१ मध्ये जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने बासवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि आकारमानाच्या हिशेबात याच्याइतका झुंजार मासा दुसरा नाही, असा निवाडा दिला. ट्राउटवाल्यांनी तो अद्याप मान्य केलेला नाही.

पेनसिल्व्हेनियातली सस्क्वेहाना ही या मासेमारीची पंढरी. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनजवळच्या ओट्सेगो तलावातून निघून सुमारे सातशे किलोमीटर वाहत ती चेसापीक उपसागराला मिळते. हॅरिसबर्गपाशी तिचा पाट दीड किलोमीटरच्या घरात जातो, पण उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पाणी जेमतेम गुडघाभर असते. तळाशी खडकांच्या आडव्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ. या पायऱ्यांवर मासा अगदी सहज उभा राहतो. माणसाला ते जमतेच असे नाही.

साध्या गळात आमिषाचे वजन दोरीला ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला नाव घेण्याजोगे वजन नसते, म्हणून दोरीच जाड आणि जड करतात आणि दोरीने माशीला ओढून न्यायचे असते. दोऱ्यांना वजनाप्रमाणे क्रमांक असतात. बाससाठी सहा ते आठ क्रमांकाची दोरी आणि सुमारे नऊ फुटांची छडी वापरतात. छडी मागे नेऊन थांबायचे, दोरी पाठीमागे पुरती उलगडू द्यायची आणि मगच पुढे फेकायचे, हा सगळ्या विद्येचा गाभा. तो थांबण्याचा क्षण मनुष्यस्वभावाला झेपत नाही. घाई केली की दोरी कडाडते आणि तिच्या टोकाची माशी तुटून जाते. पुस्तके म्हणतात, छडी घड्याळातल्या दहा आणि दोन या आकड्यांच्या दरम्यान फिरवावी. नवशिक्याची छडी साडेआठपासून सव्वाचारपर्यंत सर्व वेळा दाखवते आणि माशी मागच्या झाडात अडकते. लोकप्रिय घाटांजवळच्या झाडांना म्हणूनच अवेळी मोहोर आलेला दिसतो.

बासच्या माश्या बहुधा माश्यांसारख्या नसतातच. सस्क्वेहानाकाठचे मिडलटाउन हे गाव १९७९ मधल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीच्या अपघातामुळे जगाला ठाऊक झाले. त्याच गावच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात क्लाउझर मिनो ही माशी तयार केली. माशांच्या दृष्टीने गावाची ही दुसरी कामगिरी अधिक घातक ठरली. गळाच्या दांडीवर शिशाचे जोडडोळे आणि हरणाच्या शेपटीचे केस, एवढाच तिचा ऐवज. डोळ्यांच्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहते आणि ते खडकात कमी अडकते. वूली बगर ही दुसरी माशी रसेल ब्लेसिंग या पेनसिल्व्हेनियातल्याच माणसाने १९६० च्या दशकात बांधली. पाण्यातल्या एका भल्यामोठ्या अळीची ती नक्कल होती. पण ती जळूसारखीही दिसते, क्रेफिशसारखीही आणि बाटली घासायच्या ब्रशसारखीही. बासने यावर कधी खुलासा मागितलेला नाही. तिसरा प्रकार पॉपर. तो पृष्ठभागावर तरंगतो आणि झटका दिला की ‘पॉप्’ असा आवाज करतो. बास त्याच्यावर तुटून पडतो तो भुकेने की संतापाने, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

माशी टाकायची ती खडकामागच्या संथ पाण्यात. बास तिथे विनाश्रम उभा राहतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारे अन्न उचलतो. कमीत कमी कष्टांत पोट भरणारा हा प्राणी, जास्तीत जास्त कष्टांत रिकाम्या हाती परतणाऱ्या प्राण्याकडे तिथून पाहत असतो. त्याने माशी घेतली की छडी न उचलता हाताने दोरी खेचायची. मग तो पाण्याबाहेर उड्या मारतो, तळाकडे बुडी घेतो, पुन्हा उडी मारतो. वीस इंचांचा बास नदीत फार मोठा समजतात. पकडलेला मासा ओल्या हाताने धरायचा, मोजायचा, त्याचा फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, ही रीत. संध्याकाळच्या कालवणाचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

मोजमापाचे प्रकरण मात्र नाजूक. ११ पौंड १५ औंसांचा विक्रमी बास १९५५ मध्ये टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात मिळाला. तिथल्या धक्क्यावरच्या एका कामगाराने त्याच्या पोटात आपणच धातूचे तुकडे कोंबल्याचे लिहून दिले होते. तो कागद पुढे आल्यावर १९९६ मध्ये विक्रम रद्द झाला. फेरतपासात ती कबुली विश्वासार्ह ठरली नाही आणि २००५ मध्ये विक्रम पुन्हा मान्य झाला. मासेमारीत खोटे बोलण्याला बंदी नाही; ते दोन्ही बाजूंनी बोलले जाते इतकेच.

त्याच २००५ साली सस्क्वेहानात बासची पिल्ले रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली आणि संख्या घसरली. पुढे नदीच्या मधल्या टप्प्यात पकडलेला बास सोडून देणे सक्तीचे झाले. फ्लाय फिशिंग करणाऱ्यांनी या नियमाविरुद्ध फारशी तक्रार करण्याचे कारण नव्हते. तो मोडण्यासाठी आधी मासा मिळावा लागतो.