क्रेटमध्ये मोसंबी किती?

पेज लाइक करा, पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा आणि जिंका. त्याच्या पुढे पैठणी, मिक्सर, चांदीचं नाणं, हवं ते लिहा. हे वाक्य आता महाराष्ट्राला शुभंकरोतीसारखं पाठ झालंय, तेव्हा ते समजावत बसत नाही. माझ्या बाबतीत 'जिंका'च्या पुढे मोसंबी होती, एवढाच फरक. वीस किलोचं एक क्रेट, घरपोच.

कल्पना भाच्याची. तो पुण्यात डिजिटल मार्केटिंग करतो, म्हणजे नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. दसऱ्याला बदनापूरजवळच्या आमच्या बागेत आला तेव्हा मोसंबीच्या आंबे बहाराची तोडणी चालू होती. एक मोसंबी सोलून खाल्ली आणि म्हणाला, "मामा, प्रॉडक्ट भारी आहे. तुम्हाला ऑडियन्स नाही." माझ्या मोसंबीला आजवर कोणी प्रॉडक्ट म्हटलं नव्हतं, आणि मला ऑडियन्स असू शकतो ही शंकाही कोणी बोलून दाखवली नव्हती. मी लगेच तयार झालो.

जालन्यात राहून मनाला एक खंत असतेच. इथल्या बियाण्यांचं नाव जगभर आहे, बद्रीनारायण बारवाल्यांना १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. इथल्या सळईच्या जाहिरातींनी गावोगावच्या भिंती रंगल्या. मोसंबीला मात्र २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मला आणि कृषी सहायकाला माहीत. 'जालना, सोने का पालना' असं जुने लोक म्हणत. पाळणा आम्ही अजून हलवतोय. सोनं मधल्यामध्ये कोणी उचललं, ते विचारायची सोय नाही.

तर प्रश्न असा ठरला: फोटोतल्या क्रेटमध्ये मोसंबी किती? फोटोच्या आधी भाच्याने क्रेट रिकामं करून पुन्हा भरलं. कारण त्यात मंगूची फळं होती. डोळ्याला न दिसणारा कोळी कोवळ्या फळाची साल खरवडतो, मग ती तांबूस-काळपट पडते. त्याला आम्ही मंगू म्हणतो. आतला रस तोच, गोडी तीच, पण बाजारात भाव उतरतो. "हे फोटोत चालणार नाही, मामा," म्हणत त्याने ती बाजूला केली. उरलेली आमच्या हिने परातीत घेऊन मोजली. भरली ११२.

स्पर्धेला कायदा असतो, हे मला तेव्हा कळलं. बक्षिसाची योजना काढायची आणि संपल्यावर निकाल दडवायचा, ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. गंमत म्हणजे खुद्द फेसबुकचाही नियम आहे, की स्वतःच्या भिंतीवर शेअर करणं किंवा मित्रांना टॅग करणं ही भाग घेण्याची अट ठेवता येत नाही. मी हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, नियम वाचणारे लोक स्पर्धा काढत नाहीत." ही म्हणाली, "मोसंबीनं काही होत नाही. पैठणी ठेवा." आदेश बांदेकरांपासून ते नगरसेवकपदाच्या इच्छुकांपर्यंत सगळ्यांचा अनुभव तिच्या बाजूने होता, पण माझं ऐकायचं वय राहिलेलं नाही.

आणि काय सांगू, लोक तुटून पडले. 'डन', 'डन डन', 'पार्टिसिपेटेड सर', 'नाइस पिक डिअर'. मला डिअर म्हणणारं माणूस कित्येक वर्षांनी भेटलं. ते जोधपूरचं एक हेअर ऑइलचं दुकान निघालं, तो भाग वेगळा. कोणी उत्तर दिलं ११, कोणी ५०००, एकाने नुसतं 'जय महाराष्ट्र'. फॉलोअर्स पाच हजारांवर गेले तसा माझ्या चालण्यात फरक पडला, असं ही सांगते. आमच्या गावची लोकसंख्या त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे सरपंचापेक्षा माझा जनाधार दुपटीहून मोठा, असा हिशोब मी रात्री अंथरुणात पडून करत असे. लग्नाच्या पंगतीत कोणी "काय म्हणताय?" विचारलं, की तोंडातून आकडाच निघायचा. जालन्यात गांधी चमनला चहा पिताना मी उजेडाकडे तोंड करून बसू लागलो. कोणी ओळखलं तर त्याची गैरसोय नको.

इथे मला माझ्या काकांविषयी सांगावंच लागेल. भाच्याची समजूत आहे की बक्षीस लावून लोक जमवायची ही युक्ती अमेरिकेत निघाली. आपल्याकडे ती ३ डिसेंबर १९५२ पासून ऐकू येत होती, रेडिओ सिलोनवर, टूथपेस्ट खपवायला. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपला मराठीच माणूस, त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे संस्कृतीला लागलेली कीड वाटे; आकाशवाणीवरून त्यांनी ती जवळजवळ हद्दपार केली. मग सगळा देश सुई फिरवून सिलोन लावू लागला. तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली ती मुळात स्पर्धा म्हणून. सात गाणी लागायची, श्रोत्यांनी ती बरोबर क्रमाने लावून पत्राने कळवायची, बक्षीस १०० रुपये. लिहायचं, बोलायचं आणि पत्रंही तपासायची, या सगळ्याला आठवड्याला २५ रुपये; एवढ्या पैशांत हे काम करायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून ते अमीन सायानी नावाच्या पोरसवदा तरुणाकडे आलं. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. वाढत वाढत आठवड्याला ६५,००० झाली. तपासणार कोण? शेवटी स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारी सुरू केली, आणि ती पुढे कित्येक वर्षं चालली. आजच्या भाषेत सांगायचं तर स्पर्धा गेली, ऑडियन्स राहिला. हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

तर काका. काका बिनाकाला पत्रं पाठवणाऱ्यांपैकी. घरात धान्याचा हिशोब राहिला तरी चालेल, पोस्टकार्डांचा साठा संपता कामा नये. बुधवारी संध्याकाळी रेडिओजवळ कोणी शिंकलं तरी त्याला बाहेर काढत. स्पर्धा बंद झाल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पुढे ते क्रमवारी चुकली म्हणून सायानींना पत्रं लिहीत. बिनाकाचा याहून निष्ठावंत माणूस मराठवाड्यात नसेल. आणि या माणसाने जन्मभर दात घासले राखुंडीने. बिनाकाची ट्यूब आमच्या घरात आली नाही. पुढे आली ती थेट काकांची कवळी.

असो. मोसंबी.

११२ हे उत्तर ज्या पठ्ठ्याने दिलं तो पाटण्याचा निघाला. त्याची भिंत उघडून पाहिली. वर प्रेशर कुकरची स्पर्धा, खाली कुर्तीची, त्याखाली कुठल्यातरी बिल्डरची. मधोमध माझी मोसंबी. क्रेट पाठवायला मोसंबीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला. पोचलं की वाटेत नासलं, त्याने कळवलं नाही. निकाल लागल्यावर फॉलोअर्स उतरू लागले, ते आंबे बहारातल्या फळगळीच्या वेगाने. ती फळगळ निदान औषधाने थोडी थांबते.

एक उत्तर मात्र मी जपून ठेवलंय. शेजारच्या गावचा एक बागायतदार, माझ्यापेक्षा मोठा, त्याने लिहिलं होतं: "व्यापारी सूट कापणार ती धरून सांगू का सोडून?" त्याला दोन लाइक होते. त्यातला एक माझा.

ज्याला हे कळलं नाही त्याच्यासाठी सांगतो. बागेत गाडी भरताना व्यापारी टनामागे काही किलो सूट म्हणून वजनातून वजा करतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही. आम्हीही विचारत नाही, कारण गाडी रिकामी परत गेली तर फळ झाडावर थांबत नाही. २०१३च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन काही झाडं जगवली, बाकीची सरपण झाली. माझी अर्धी बाग गेली तेव्हा ही त्याच परातीत पाणी घेऊन एकेका बुंध्याशी ओतायची. नवीन झाड लावलं की फळ हाती यायला पाचेक वर्षं. म्हणजे भाच्याने ज्याला प्रॉडक्ट म्हटलं ते त्या उन्हाळ्यानंतर लावलेलं. याची पोस्ट कशी करायची, ते मला सुचलं नाही आणि त्याला मी सांगितलंही नाही.

भाचा आता रील काढू म्हणतोय. मी नाही म्हणालेलो नाही. मिशीला कलप लावला तर बरं दिसेल का, एवढंच विचारलंय.

पण तुम्ही जालन्याकडचे असाल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार उतरतो तेव्हा कुठल्याही बागेच्या बांधावर जा. कोणाला टॅग करू नका. मंगूची मोसंबी मागा; भाव कमी, रस तोच. पिशवी घरून न्या, आणि वजन झाल्यावर सूट मागू नका.