गोडाऊन बघितल्याबिगर पैसे नक्को

"वहिनी, घर बिल्डरला दिलं म्हणे? खरं का?"

"हौ काकू. दीड वर्षात फ्लॅट देतो म्हणाला. तोवर रामंतापूरला भाड्यानं. पण तिथं दोनच खोल्या. सासूबाईंचं शिसवी कपाट, झोपाळा, हंडे, सगळं गोडाऊनला टाकावं लागतंय. एकानं फोनवरच भाव सांगितला, लई स्वस्त. अर्धे पैसे आधी पाठवा म्हणाला."

"सामान न बघताच? मग सोड त्याला. घरी येऊन, पलंगाखाली वाकून, एकेक वस्तू लिहून भाव देतो तो खरा. नाहीतर गाडी भरली की 'सामान जास्त निघालं' म्हणतात. आमच्या नणंदेचं पुण्याला जाताना तेच झालं. झहीराबादजवळ गाडी उभी करून दुप्पट मागितले. सगळा संसार गाडीत, करते काय? दिले."

"पण ह्याचं नाव मोठं आहे हो, जाहिरातीत येतं ते."

"तेच, की एखादं अक्षर इकडंतिकडं? जीएसटी नंबर माग. तेलंगणाचा ३६ नं सुरू होतो. पोरीला सरकारी पोर्टलवर टाकून बघायला सांग, कुणाच्या नावावर आहे ते कळतं. बिलावर आणि बँक खात्यावर तेच नाव पाहिजे."

"विमा पण आहे म्हणाला."

"मग विमा कंपनीची पॉलिसी हातात दे म्हणावं. ह्यांच्याच बिलात दोन-तीन टक्के जोडले म्हणजे विमा झाला असं नसतं. बिल्टीवर किंमत खरी लिही. चार पैसे वाचवायला कमी लिहिलीस, तर भरपाई त्याच्या वर मिळायची नाही. वाटेत काही गहाळ झालं तर नुसतं फोनवर भांडू नको. बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, कायदाच आहे २००७ चा. बरं, गोडाऊन कुठाय?"

"मुसारामबागच्या पुलाकडं, मुसीच्या काठाला."

"अगं बाई! २०२० च्या ऑक्टोबरातला पूर विसरलीस? आधी जाऊन बघ. सामान फरशीवरच टाकतात की लाकडी फळ्यांवर? भिंतीला ओल, कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या? यादीत 'जुनं भांडं, एक' असं लिहू देऊ नको. पितळी हंडा, वजन किती, पोचा कुठं, सगळं लिहून सही घे. फोटो काढ. सोनं आणि घराचे कागद मात्र स्वतःजवळ."

"आषाढात हलवलं तर चालतं का हो?"

"तेलुगू माणसं आषाढात घर बदलत नाहीत, गाड्या मोकळ्या असतात. भाव करता येतो. फक्त बोनालूच्या जत्रेचा रविवार सोड, गल्लीत गाडी शिरायची नाही."

"काकू, तुम्हाला बरं एवढं ठाऊक!"

"चौकशी करून ठेवली ना! तुझा बिल्डर परवा आमच्याकडंही चहा पिऊन गेला. गोडाऊन बघायला निघालीस की हाक मार, मी पण येते. आणि खरं सांग, तुम्हाला किती स्क्वेअर फूट देतो म्हणाला?"