राजेसाहेब, सँडो आणि पावडरचा डबा

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे राजे. पण यमाईच्या या भक्ताचं तरुणपणीचं दुसरं दैवत होतं युजेन सँडो, तो जर्मन शरीरसौष्ठववाला. त्याचं पुस्तक आणि साधनं मागवून राजेसाहेबांनी सुमारे दहा वर्षं घाम गाळला. मग मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून नमस्कार धरले, ते इतके घट्ट की संस्थानातल्या शाळांतही सक्तीचे केले. पोरं काय पुटपुटली असतील, ते न लिहिलेलंच बरं.

सँडोचा दुसरा वारसा मात्र आज जिमच्या कपाटात दिसतो. 'प्लाझ्मॉन' नावाच्या, दुधाच्या प्रथिनांच्या पावडरीची जाहिरात तो करायचा. पुढे त्याने स्वतःच्या नावाचा कोकोही काढला. तो धंदा बुडाला. दंड भरदार असले म्हणून गल्ला भरतोच असं नाही.

आता पोरगं जिमला लागलं की आठवड्यात विचारतं, "दादा, कुठला डबा घेऊ?" डब्यात असते व्हे: चीज करताना निथळलेल्या पाण्यातली प्रथिनं, वाळवलेली. आपल्या चक्क्याखाली गळणाऱ्या पाण्याची ही साता समुद्रापारची चुलत बहीण. हिला चॉकलेटचा वास आणि हप्त्याने फेडावी अशी किंमत.

उपयोग नाही असं नाही. वजन उचललं की स्नायू नवी प्रथिनं रचायला घेतो, त्याला माल लागतो. २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. नुसत्या व्यायामाने चरबीविरहित वजन सरासरी किलोभर वाढलं. जादा प्रथिनांनी त्यात आणखी सुमारे ३०० ग्रॅमची भर घातली. शिवाय, दिवसाला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं नेऊन स्नायूंना वाढीव लाभ दिसला नाही. त्यापुढचा स्कूप अंगी लागतो तो दुकानदाराच्या.

जिममधल्या दुसऱ्या डब्याचं, म्हणजे क्रिएटिनचं, नाणं जरा खणखणीत आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम घेऊन व्यायाम केला तर ताकद थोडी अधिक वाढते. ते मुळात मांस-मासळीत असतं, त्यामुळे माळकरी घरातल्या पोराचा साठा कमी आणि फायदा बहुधा जास्त. पंढरीच्या वाटेवरची ही अनपेक्षित सवलत! उलट क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने काही प्रयोगांत व्यायामाचा परिणाम बोथटच झाला. स्नायूलाही थोडा त्रास हवा असतो.

तेव्हा डबा घ्यायचाच तर खुशाल घ्या. पण आधी घरातल्या दूध, डाळ, अंडी, शेंगदाण्यांचा हिशेब कागदावर मांडा. साठ किलोच्या माणसाचं शंभर ग्रॅम प्रथिनांच्या आत भागतं.