सी विंगचे काका

सी विंगच्या काकांना आडनाव आहे, लेटरबॉक्सवर ते रंगवलेलंही आहे. पण कॉम्प्युटर चालू होईनासा झाला की आडनाव कुणाला आठवतंय! काका बँकेतून निवृत्त झाले. 1980 च्या दशकात बँकांमध्ये संगणक येऊ घातले तेव्हा युनियनच्या मोर्चात त्याविरुद्ध घसा फोडणाऱ्यांत तेही होते. आता त्याच घशानं ते आम्हांला रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक समजावतात. पूर्वपाप फेडावं तर असं.

परवा आमचा डेस्कटॉप बसला. म्हणजे पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळाकुट्ट. काका दहा मिनिटांत हजर. काखेत रेग्झिनची बॅग; तिच्यात स्टार स्क्रू ड्रायव्हर, भिंत रंगवायचा कोरा ब्रश, शाळकरी खोडरबर आणि काढलेले स्क्रू ठेवायला मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी डबी.

"काय केलंत?"

"काही नाही, काका."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. माणसं डॉक्टरशी आणि आपल्याशी खोटंच बोलतात, यावर त्यांची श्रद्धा आहे. तिला आधारही आहे. ए विंगमध्ये असंच 'काही केलं नव्हतं', फक्त लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह मागे तसाच राहिला होता आणि मशीन बिचारं त्या लग्नात विंडोज शोधत बसलं होतं. पेनड्राइव्ह उपसला, मशीन सुरू. तरी काकांनी तिथं पाऊण तास काढला. इतक्या झटपट बरा होणारा रोगी त्यांना अपमानास्पद वाटतो.

"गप्प बसा सगळे!" काकांनी कुकरसुद्धा बंद करायला लावला आणि कॅबिनेटला कान लावला. "नाडी ऐकू द्या. एक लांब, दोन आखूड आलं तर बहुतेक दुखणं डिस्प्लेचं. पण नेम नाही, प्रत्येक बायोसची ओरडायची तऱ्हा निराळी. ब्रँच मॅनेजरसारखी."

आमच्या मशीननं थांबून थांबून एकच लांब सूर लावला. "रॅम!" काकांचा चेहरा असा उजळला की आमची काळजी आम्हांलाच अप्रस्तुत वाटायला लागली.

मग विधी सुरू झाला. वायर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. "आत उरलेली वीज सांडू दे." नंतर खिडकीच्या रंग उडालेल्या गजाला हात लावला. हे अंगातली स्थिर वीज उतरवण्यासाठी. आमच्या आईला वाटलं, नमस्कार केला, तिनंही केला. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, भुगा ब्रशनं झाडला. मी मदतीच्या भावनेनं फुंकर मारायला वाकलो तर डाफरले, "थुंकी उडते!" पट्टी पुन्हा खाचेत दाबली, दोन्ही बाजूंनी टक् टक् वाजलं, आणि पडदा उजळला.

काका किंचित खट्टू झाले. पण देव दयाळू असतो. बँकेची साइट उघडेना! मशीनच्या मते आज 1 जानेवारी 2009 होती. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, तीन व्होल्टचा सीआर 2032, मेला होता.

"पण तारखेचा आणि साइटचा काय संबंध?" मी विचारलं.

"साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्याची मुदत आजची, तुमचं मशीन 2009 मध्ये. पुढच्या तारखेचा चेक मी तरी पास केला असता का?"

सेल बदलून झाला. पोह्यांवर आमची शिकवणी झाली. विंडोज 8 पासूनचा शटडाउन हा खरा शटडाउन नसतो म्हणे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते आतलं टिपण डिस्कवर ठेवून नुसती डुलकी काढतं; खरी सगळी आवराआवर रिस्टार्टमध्ये. दुसऱ्यांदा पोहे घेताना त्यांनी हे पुन्हा सांगितलं. पैसे मात्र घेतले नाहीत, सेलचेसुद्धा.

खोडरबर आमच्याकडेच राहिला होता, तो द्यायला आठवड्यानं त्यांच्याकडे गेलो. काकांचा स्वतःचा कॉम्प्युटर झाकणाविना उघडाबोडका टेबलावर होता. त्याचं बटण कधीच निकामी झालंय. काका मदरबोर्डवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून तो चालू करतात. "बदलायला वेळ कुठाय?" म्हणाले.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बी विंगमध्ये कुणाचं काही बंद नाही का रे पडलेलं? चार दिवस घरीच आहेत. कालपासून माझ्या मिक्सरकडे बघतायत."