टक्के कशाचे?

पावसाळा लागला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर धरणांची चौकट येते, आणि चहा निवेपर्यंत ती वाचत बसणं हा माझा जुना छंद आहे. खडकवासला शंभर टक्के. कोयना अजून निम्म्यावर. आणि उजनी? २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या घरात पोचलं होतं. पाणी शून्य झालं तर समजू शकतं. शून्याच्याही खाली साठ टक्के म्हणजे काय, या विचारात माझा चहा बऱ्याचदा पार गार झाला. खुलासा साधा आहे. उजनीचं शून्य धरणाच्या तळाशी नाहीच. ते सुमारे ६३ टीएमसी मृतसाठ्याच्या माथ्यावर आखलेलं आहे, आणि टक्के मोजायचे ते त्याच्या वरच्या ५३ टीएमसी ‘उपयुक्त’ पाण्याचे. खडकवासला मात्र काठोकाठ भरलं तरी उपयुक्त साठा दोन टीएमसीलाही किंचित कमी. म्हणजे दिवाळं वाजलेल्या त्या उजनीच्या पोटात तेव्हाही पंधरा भरलेली खडकवासली सहज होती. पण लिंबू-तिखट चोळलेलं कणीस हातात घेऊन लोक गर्दी करतात ती खडकवासल्याच्या चौपाटीवर. शंभराचा आकडा बघायला माणसं जमतात, पाणी किती हे कोण विचारतो!

टक्क्याला स्वतःचं घर नाही. तो कायम कुणाच्या तरी ओसरीवर उतरलेला पाहुणा. यजमान कोण हे विचारल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही, आणि नेमकं तेवढंच विचारायचं आपण विसरतो. साड्यांच्या दुकानावर ‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ अशी पाटी असते. पायऱ्या चढता चढता मनात सत्तर टक्के होतात, हजाराची साडी तीनशेला पडते, आणि उरलेल्या पैशांतून वन्संसाठीही एक घेतली जाते. बिल साडीमागे चारशेचं येतं. दुकानदार खोटं बोललेला नसतो. पहिले पन्नास हजाराचे होते, दुसरे वीस उरलेल्या पाचशेचे. शंभर रुपयांचा माल वीस टक्के महागून पुन्हा वीस टक्के स्वस्त झाला, तर तो शहाण्णवला मिळतो. चढताना टक्के शंभराचे होते आणि उतरताना एकशेवीसचे, एवढंच त्यातलं इंगित. तरी ते चार रुपये कुठे गेले, अशी हुरहुर मला उगाच लागून राहते.

आमच्या मामांचा टक्क्यांवर कधीच विश्वास बसला नाही. ते सोळा आण्यांच्या दुनियेत वाढले. सोळाचे निम्मे आठ, त्याचे चार, मग दोन, मग एक. कागद-पेन्सिल लागत नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि या सुरेख भागाकारात पाचर बसली. आण्याचे सव्वासहा पैसे यायला हवेत, पण पाव पैशाचं नाणं आणणार कुठून? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस असं कोष्टक ठरलं. तीन आणे सुटे सुटे मोडले तर अठरा पैसे, एकदम मोडले तर एकोणीस! शाळकरी मामा आणि त्यांचे दोन मित्र आपापला आणा एकत्र करून वाण्याकडे जात आणि वरचा पैसा पाळीपाळीनं घेत. इतकं घडूनही जगाचा भाव ते आण्यांतच करत राहिले. यंदाचा हापूस दहा आणे. सूनबाईंची पुरणपोळी पंधरा आणे. गाजलेलं एक नाटक सहा आणे, तेही नेपथ्याचे. सोळा आणे कुणालाच मिळाले नाहीत.

अशा माणसाच्या हातात एकदा टूडी एकोचा कागद आला. हृदयाचं काम साठ टक्के. डॉक्टर म्हणाले, “उत्तम!” मामींचा चेहरा मात्र उतरला. त्यांच्या भाचीला दहावीला चौऱ्याण्णव होते. “साठच?” डॉक्टरांनी समजावलं, की हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. पन्नास-साठ टक्के पाठवतो, बाकीचं जवळ ठेवतो. चांगल्या तरण्या हृदयाचंही असंच असतं. मामींना पुरतं पटलं नाही. मामा मात्र खुर्चीत ताठ बसले. मॅट्रिकचा सेकंड क्लास त्यांना जन्मभर सलत होता. “साठ म्हणजे फर्स्ट क्लास,” ते म्हणाले, “घरी जाताना पेढे घेऊ.”

फाइलमध्ये दुसरा कागद होता. तीन महिन्यांच्या साखरेचा, सात पूर्णांक दोन टक्के. हे टक्के जितके कमी तितके चांगले, आणि ही परीक्षा मामींना न समजावता कळली. तरी पेढे आले. मामींनी त्यांतल्या एकाचे सुरीनं चार भाग केले, एक मामांच्या तळहातावर ठेवला आणि डबा वरच्या फळीवर सरकवला. मामांनी तो तुकडा उजेडात धरून न्याहाळला.

“चार आणे,” ते म्हणाले. “अगं, फर्स्ट क्लासला एवढंच?”